खामगावच्या प्रेसमधला एक्सपी, आणि आठ जीबीचा हिशोब

(या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.)

व्हर्च्युअल मशीन चालवायला हलकी ऑपरेटिंग सिस्टीम कोणती घ्यावी, हा प्रश्न बरेच जण विचारतात. नुसतं नाव सांगून मोकळं होता येतं, पण त्याचा उपयोग नाही. म्हणून आज एक खरं काम सांगतो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलंच.

खामगावला एक छोटी प्रिंटिंग प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की पत्रकं. कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा एक जुना पीसी, त्यात युनिकोडच्या आधीच्या जमान्यातलं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर आणि मागे यूएसबीला लावलेली डोंगल. डोंगल काढली की सॉफ्टवेअर उघडतच नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, पण पंधरा वर्षांच्या पत्रिका त्याच फाँटमध्ये पडल्यात. आणि आता हार्डडिस्क टकटक वाजायला लागली. मालक म्हणाले, "भाऊ, हा पीसी गेला तं माह्या सगळ्या फायली गेल्या. नवीन मशीनवर हे चालतच नाई."

पहिलं काम ऑपरेटिंग सिस्टीम निवडायचं नव्हतंच. पहिलं काम डिस्क वाचवायचं. पीसी बंद केला, पेन ड्राईव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू वापरून अख्ख्या डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. साधी कॉपी खराब जागेवर अडून बसते. हे आधी चांगला भाग उचलतं, मग खराब भागाकडे परत येतं. वाजणारी डिस्क असेल तर हे आजच करा, बाकीचा भाग नंतर ऐका.

आता होस्ट. म्हणजे खालची ऑपरेटिंग सिस्टीम, जिच्यावर बाकीच्या मशीन चालतात. प्रेसमध्ये एक पडीक असेंबल्ड पीसी होता, चार कोरचा, ८ जीबी रॅम. त्यावर तीन गोष्टी हव्या होत्या. एक्सपीला १ जीबी पुरते. हिशोबाच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज १०, त्याला ४ जीबी. आणि सगळ्यांच्या फायली ठेवायला एक शेअर फोल्डर, त्याला १ जीबी धरा. झाले ६. उरले २. हलकं म्हणजे काय, ते इथे कळतं. होस्ट स्वतः किती खातो आणि पाहुण्यांना किती उरतं, एवढंच बघायचं. आयएसओ फाइल किती एमबीची आहे, याला काही अर्थ नाही.

एवढ्यासाठी नवीन पीसीवरच व्हर्च्युअलबॉक्स टाकलं तर? एकच एक्सपी चालवायचा असता तर मी तेच सांगितलं असतं, खरंच. पण तो पीसी दिवसभर डिझाईनच्या कामात असतो, आणि तो रीस्टार्ट झाला की हिशोबही बंद पडणार.

ईएसएक्सआय बरेच जण सुचवतात. ब्रॉडकॉमने त्याची फुकट आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केली आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आणली. अशा धरसोडीवर दुकान कशाला चालवायचं? शिवाय आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनमध्ये बहुतेक रिअलटेकचं नेटवर्क कार्ड असतं, आणि ७.० पासूनचं ईएसएक्सआय सरळ इन्स्टॉल करताना ते ओळखत नाही.

प्रॉक्समॉक्स मला मनापासून आवडतं. डेबियनवरच बांधलेलं आहे, ब्राउझरमधून सगळं दिसतं, बॅकअप सोपा. पण त्यांचीच शिफारस आहे की होस्टसाठी २ जीबी धरा, पाहुण्यांचं वेगळं. आमचा हिशोब शून्यावर येतो. त्यात झेडएफएस निवडलं तर ते कॅशसाठी आणखी रॅम मागणार. १६ जीबी असती तर मी दुसरा विचारच केला नसता.

मग अल्पाइन. सगळ्यात बारीक. केव्हीएम त्यावर छान चालतं, कारण केव्हीएम २००७ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे. तरी नाही घेतलं. अल्पाइनमध्ये सर्व्हिस चालवायची पद्धत वेगळी, लायब्ररी वेगळी. मी गावाला असताना काही बिघडलं तर शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा एखादा मुलगा येऊन बघेल, आणि त्याने उबुंटू नाहीतर डेबियन पाहिलेलं असणार. दोनशे एमबी वाचवून आपण दुरुस्त करणारा माणूस घालवतो.

म्हणून डेबियन, डेस्कटॉप न टाकता. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची खूण काढायची, एसएसएचची ठेवायची. वर केव्हीएम, लिबव्हर्ट, आणि ब्राउझरमधून बघायला कॉकपिट. शेअर फोल्डर होस्टवरच सांबाने दिलं, म्हणजे तिसऱ्या मशीनची १ जीबीही वाचली. रिकामा होस्ट अर्ध्या जीबीच्या आत राहतो. उरलेली रॅम वाया जात नाही, फायलींच्या कॅशला लागते.

एक्सपी उठवताना मात्र घाम निघाला. डिस्कची प्रत नव्या मशीनला व्हर्टआयओ प्रकारची म्हणून जोडली, की लगेच निळा स्क्रीन. एक्सपीकडे त्याचं ड्रायव्हरच नाही. डिस्क आयडीई म्हणून जोडायची आणि मशीनचा प्रकार जुना, आय४४०एफएक्स, ठेवायचा. मग उठला. डोंगल यूएसबी पासथ्रूने आत दिली, आणि सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा मालक काही बोलले नाहीत, चहा मागवला. प्रिंटर पोर्टची जुनी जाड डोंगल असती तर काम याहून अवघड झालं असतं. एक्सपीला नेटवर्क कार्ड दिलेलंच नाही. स्क्रीन होस्टकडून दिसतो, फायली पेन ड्राईव्हने. विंडोजच्या परवान्याचंही बघून घ्या, पीसीसोबत आलेला परवाना बहुतेक त्याच पीसीपुरता असतो.

राहिली लाईट. जूनमध्ये वारं सुटलं की दुपारी लाईट जाणारच. बायोसमध्ये 'पॉवर आल्यावर सुरू हो' हे चालू केलं, दोन्ही मशीनना ऑटोस्टार्ट दिला. यूपीएसची यूएसबी वायर होस्टला, त्यावर 'नट' नावाचं सॉफ्टवेअर. बॅटरी उतरली की होस्ट पाहुण्यांना बंद व्हायला सांगतो. पहिल्या चाचणीत विंडोज १० शहाण्यासारखं बंद झालं, एक्सपी तसाच. कारण त्यात पॉवर बटण दाबल्यावर 'काय करू ते विचार' असं सेटिंग होतं, आणि उत्तर द्यायला समोर कोणी नव्हतं. ते 'बंद कर' असं केलं. मग प्लग काढून तीनदा बघितलं, तिन्ही वेळा सगळं नीट बंद झालं आणि लाईट आल्यावर आपोआप उठलं.

जुना पीसी अजून तिथेच आहे, कापडाखाली. पुढच्या भागात त्या जुन्या फाँटच्या फायली युनिकोडमध्ये कशा आणायच्या ते बघू. अर्धवट जोडाक्षरांनी तिथे फार छळलंय.