गॅस क्रोमॅटोग्राफ उपकरणाची रात्रीची स्थिती आणि निगा

प्रस्तावना :
जेम्स आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये वायू-द्रव क्रोमॅटोग्राफीची पद्धत मांडली. आज रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र, अन्नतंत्र अशा अनेक शाखांच्या संशोधनात तिचा उपयोग होतो. मात्र दिवसाचे विश्लेषण संपल्यावर उपकरण कोणत्या स्थितीत ठेवावे, याचा विचार अभावानेच केला जातो. काटकसर म्हणून मुख्य स्विच आणि सिलिंडर एकाच वेळी बंद केले जातात. ही काटकसर कॉलमच्या मुळावर येऊ शकते.

वाहक वायूचे दुहेरी कार्य :
वाहक वायू नमुन्यातील घटकांना पुढे नेतो, तसेच कॉलमचे संरक्षणही करतो. केशिका कॉलमच्या आतील भिंतीवर बहुवारिकाचा अत्यंत पातळ थर असतो. त्याची जाडी बहुधा ०.२५ मायक्रोमीटर असते. कॉलम तप्त असताना वायूचा प्रवाह थांबला आणि आत हवेचा शिरकाव झाला, तर ऑक्सिजनमुळे या थराचे विघटन होते. आधाररेषा उंचावते, शिखरांना शेपूट फुटते आणि धारणकाल बदलतो. ही हानी भरून निघत नाही. म्हणून सायंकाळी आधी ओव्हन थंड करावा, मग वायू बंद करावा. सकाळी आधी वायू, मग उष्णता, हा क्रम पाळावा.

रात्रीची स्थिती :
दुसऱ्या दिवशी काम असल्यास वाहक वायू सुरू ठेवणेच हितावह ठरते. ओव्हन सुमारे ५० ते १०० अंश सेल्सिअसवर आणावा आणि स्प्लिट प्रवाह कमी करावा. मिनिटाला २० मिलिलिटर प्रवाह धरल्यास १४ तासांत सुमारे १७ लिटर वायू लागतो. ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाला सुमारे ७,००० लिटर वायू असतो. त्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

डिटेक्टरची काळजी :
ज्वाला आयनीकरण डिटेक्टरमध्ये हायड्रोजनच्या ज्वलनातून पाण्याची वाफ निर्माण होते. डिटेक्टर थंड असल्यास ती आतच साचते. म्हणून आधी ज्वाला विझवून हायड्रोजन बंद करावा, त्यानंतरच तापमान उतरवावे. सकाळी तापमान १५० अंशांच्या वर गेल्यावरच ज्वाला पेटवावी. औष्णिक वाहकता डिटेक्टरच्या तप्त तंतूला ऑक्सिजन घातक असल्याने त्याचा विद्युतप्रवाह रात्री बंद ठेवावा.

सुरक्षितता :
हवेतील हायड्रोजनचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असल्यास मिश्रण पेट घेऊ शकते. ज्वाला विझूनही हायड्रोजन वाहत राहिला, तर बंद खोलीत धोका संभवतो. त्यामुळे हायड्रोजनच्या सिलिंडरची मुख्य झडप रोज सायंकाळी बंद करणे आवश्यक आहे. रात्री वीज खंडित झाली असल्यास, सकाळी वाहक वायूचा दाब तपासल्याशिवाय ओव्हन तापवू नये.

समारोप :
सिलिंडरचा दाब, ओव्हनचे तापमान आणि हायड्रोजन बंद केल्याची वेळ या तीन नोंदी रोज सायंकाळी नोंदवहीत स्वाक्षरीसह कराव्यात. ज्या विभागात एकच उपकरण अनेक संशोधक विद्यार्थी वापरतात, तेथे एकाच्या विस्मरणामुळे सर्वांचे काम खोळंबते. उपकरणाचे आयुष्य त्याच्या किमतीइतकेच अशा दैनंदिन शिस्तीवरही अवलंबून असते.