हार्डनरची बाटली, शेडचा पत्रा आणि पुण्याचा उन्हाळा
फायबरग्लासच्या कामात पॉलिएस्टर रेझिन घट्ट व्हावे म्हणून कारागीर ज्याला ‘हार्डनर’ म्हणतात, ते बहुधा मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड असते. रेझिनच्या १ ते २ टक्के पुरते. त्याच्या रेणूतील दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध दुबळा असतो. तो तुटला की रेझिनचे रेणू साखळीने जोडले जातात. धोकाही याच दुबळेपणात आहे. कोबाल्टचे ‘अ‍ॅक्सिलरेटर’ आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, मगच हार्डनर घालावे. दोन्ही थेट एकत्र आल्यास भडका, प्रसंगी स्फोट होतो. साठा ३० अंशांखाली ठेवायचा असतो आणि पुण्याचा पारा एप्रिलमध्ये चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या शेडची तर गोष्टच नको. डोळ्यांत थेंब उडाल्यास दृष्टी जाऊ शकते. डोळे तत्काळ वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धुवावेत, मगच रुग्णालय गाठावे.