हजार यार्डांची चढण

इंग्लंडातील वूस्टरशर परगण्यात, टीम नदीच्या खोऱ्यात, शेल्स्ली वॉल्श या चिमुकल्या खेड्याला लागून, खाजगी जमिनीतून झाडीत शिरणारा आणि टेकडीच्या माथ्यावर जाऊन संपणारा एक अरुंद डांबरी रस्ता आहे. त्याची लांबी १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. सरासरी चढ नऊ फुटांस एक फुटाहून किंचित कमी, आणि जेथे तो सर्वांत तीव्र होतो तेथे सव्वासहा फुटांस एक फूट. हा रस्ता कोणत्याही गावास अथवा बाजारपेठेस जात नाही; परंतु १२ ऑगस्ट १९०५ या दिवसापासून, महायुद्धांचा काळ वगळता, मोटारी एकेक करून त्याच्या पायथ्याशी उभ्या राहत आल्या आहेत, शक्य तितक्या त्वरेने माथा गाठीत आल्या आहेत, आणि प्रत्येकीस लागलेला वेळ दप्तरी दाखल होत आला आहे.

त्या पहिल्या वर्षी मार्ग ९९२ यार्डांचा होता, आणि अर्नेस्ट इन्स्टोन यांनी आपल्या डेमलर गाडीने तो ७७.६ सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे सव्वीस मैलांच्या सरासरीने, चढून सर्वांस मागे टाकले. १९०७ साली लांबी १००० यार्ड मुकरर झाली. १९३० साली हान्स श्टुक या जर्मन चालकाने ऑस्ट्रो-डेमलर घेऊन येऊन ४२.८ सेकंदांची नोंद केली. आणि आजच्या सर्वोत्तम एकासनी शर्यती गाड्या तेवीस सेकंदांच्या आत माथ्यावर पोहोचतात. मार्ग तोच राहिला आणि युद्धकाळ सोडता मोजमाप चालूच राहिले, म्हणून या एका टेकडीच्या दप्तरात मोटारविद्येचा शतकाहून अधिक काळाचा इतिहास सेकंदांच्या भाषेत लिहिलेला सापडतो. १९२५ साली बकिंगहॅमशरमधील कॉप हिल येथे सार्वजनिक रस्त्यावर चाललेल्या स्पर्धेत एक प्रेक्षक जखमी झाला आणि त्यानंतर सार्वजनिक रस्त्यांवरील अशा स्पर्धांस परवानगी मिळणे बंद झाले; शेल्स्लीचा रस्ता खाजगी मालकीचा असल्याने तो वाचला, आणि पुढे १९३८ साली ग्लॉस्टरशरमध्ये बुगाटी ओनर्स क्लबने प्रेस्कॉट येथे अशीच चढण सुरू केली, तीही खाजगी जमिनीवर.

‘हिल क्लाइंब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळाचे नियम नवख्या माणसास विलक्षण अनुकूल आहेत. मार्गावर एका वेळी साधारणतः एकच गाडी असते. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो, त्यामुळे धक्काबुक्कीचे भय नसते. हिरवा दिवा लागल्यावर गाडी तत्क्षणी सुटली पाहिजे अशी सक्तीही नाही, कारण घड्याळ दिव्याबरोबर सुरू न होता गाडीच्या पुढील पट्टीने प्रकाशकिरण छेदल्यावर सुरू होते. गाड्यांचे वर्ग पाडलेले असतात, आणि बहुधा दोन सरावाच्या व दोन मोजणीच्या फेऱ्यांपैकी मोजणीतील उत्तम वेळ ग्राह्य धरला जातो. नामांकित विजेता आणि प्रथमच आलेला हौशी मनुष्य एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच घड्याळाने मोजले जातात.

या खेळाचे आणि स्वहस्ते बांधलेल्या गाडीचे नाते फार जुने आहे. जॉन बोल्स्टर आणि त्यांचे बंधू यांनी तरुणपणी हाती आले ते भाग जोडून ‘ब्लडी मेरी’ ही गाडी बांधली आणि ती या चढणींवर गाजली. चार्ल्स आणि जॉन कूपर या पितापुत्रांनी १९४६ साली फियाट टोपोलिनोचे दोन पुढचे भाग एकमेकांस जोडून, मागे मोटारसायकलचे ५०० सीसीचे इंजिन बसवून, जी पहिली कूपर गाडी तयार केली, ती त्याच वर्षी प्रेस्कॉटच्या चढणीवर उतरली; त्याच घराण्याच्या मागे-इंजिन गाड्यांनी १९५९ आणि १९६० साली जागतिक अजिंक्यपद मिळविले. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांनी लोटस सेव्हन ही हलकी गाडी आणली आणि ती सुट्या भागांच्या संचरूपानेही विकली, कारण तयार गाडीवर पडणारा खरेदी कर अशा संचावर पडत नसे. १९७३ साली त्या कराची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या पेढीकडे आले. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत अशी गाडी कशी बांधावी याचे पुस्तक लिहिले, आणि चौरस पोलादी नळ्या कापून, जोडून, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन व आस त्यात बसविणारे लोक इंग्लंडभर आपापल्या गॅरेजांत कामास लागले.

अशाच एका गॅरेजात गतवर्षीच्या हिवाळ्यात मला वारंवार बसावयास मिळाले. माझे स्नेही मूळचे नाशिकचे, व्यवसायाने अभियंते, आणि पुष्कळ वर्षांपासून कोव्हेंट्रीचे रहिवासी. सेव्हनच्या धर्तीचा एक संच त्यांनी विकत घेतला होता: नळ्यांचा सांगाडा, ॲल्युमिनियमचे पत्रे, आणि एका जुन्या मोटारीतून काढलेली यंत्रसामग्री. सांगाड्यावर पत्रा बसविताना प्रत्येक रिव्हेटचे अंतर ते खुणेने आखून घेत. ब्रेकच्या तांब्या-निकेलच्या नळीचे टोक साच्यात दाबून पसरविताना श्वास रोखून धरीत. आणि निलंबनाचा प्रत्येक बोल्ट ठरावीक जोराने आवळून झाला की त्याच्या डोक्यावर रंगाची एक बारीक रेघ ओढीत, म्हणजे पुढे तो तसूभर फिरला तरी नजरेस यावा. गाडी उभी राहिल्यावर चारही चाकांखाली चार वजनकाटे ठेवून, आसनावर स्वतः बसून, त्यांनी स्प्रिंगांची उंची इतक्या वेळा कमीजास्त केली की अखेरीस तिरप्या चाकांवरील भारांच्या बेरजा जवळजवळ सारख्या झाल्या. “हे आत्ता जमलं नाही, तर डाव्या वळणावर एक गाडी आणि उजव्या वळणावर दुसरीच गाडी चालवावी लागते,” असे ते म्हणाले, “आणि घाटात दोन्ही वळणं लागोपाठ येतात.”

चढणीची गाडी तयार करण्याचे शास्त्र काही बाबतींत वर्तुळाकार मार्गावरील शर्यतीच्या उलट आहे. धाव जेमतेम अर्ध्या मिनिटाची, त्यामुळे टायरला तापून चिकट होण्यास अवसरच मिळत नाही. म्हणून थंडपणीच रस्ता धरणारे मऊ रबर निवडावे लागते. टाकीत काही लिटरच पेट्रोल ठेवितात. चालकासह सहाशे किलो भरणाऱ्या गाडीस शेल्स्लीचा सरासरी चढ सुमारे ६५ किलो वजनाच्या बलाने आणि तीव्रतम चढ सुमारे ९५ किलोच्या बलाने मागे ओढीत असतो. अनावश्यक ओझे कमी केले की हे ओढणेही त्या प्रमाणात कमी होते, आणि हलक्या संचगाडीचा लाभ येथेच दिसतो. चढावर भार मागील चाकांकडे सरकतो, तोही मागील चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीस हितकरच ठरतो. गिअरांची प्रमाणे अशी साधावी लागतात की गिअर बदलण्याची पाळी ऐन वळणाच्या मध्यात येऊ नये.

यंत्राइतकीच कागदपत्रांची सिद्धता करावी लागते. स्वतः बांधलेली गाडी रस्त्यावर आणावयाची तर प्रथम शासकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. त्यात धारदार कडांपासून दिव्यांच्या उंचीपर्यंत सर्व काही पाहिले जाते, आणि त्यानंतरच नोंदणी होते. स्पर्धेसाठी एखाद्या क्लबचे सभासदत्व आणि मोटारस्पोर्ट यूके या नियामक संस्थेचा परवाना लागतो. प्राथमिक परवान्यास परीक्षा नसते. स्पर्धेच्या सकाळी आधी हजेरीपत्रकावर सही, मग तपासनिसांसमोर गाडी. थ्रॉटल सोडताच तो स्प्रिंगने आपोआप मिटतो काय, बॅटरीच्या अर्थ-तारेवर पिवळी खूण आहे काय, इंजिन बंद करण्याच्या बटणाची दिशा स्पष्ट लिहिली आहे काय, नाकावर प्रकाशकिरण छेदणारी १० इंच उंच व २ इंच रुंद अशी काळी पट्टी सरळ उभी आहे काय, चालकाचे हेल्मेट, हातमोजे आणि अग्निरोधक पोशाख मान्यताप्राप्त आहेत काय, हे सारे ते शांतपणे पाहतात. स्नेह्यांच्या गाडीशी एक वृद्ध तपासनीस बराच वेळ वाकून होते. त्यांनी एक चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिले, बोल्टांवरील रंगाच्या रेघांवरून नजर फिरविली, आणि मंजुरीची चिठ्ठी चिकटविली.

त्यानंतर आम्ही शेल्स्लीची चढण पायी चढलो, आणि नवशिक्याने हे काम कधीही टाळू नये असे मला वाटते. गाडीतून जो रस्ता सपाट फितीसारखा भासतो, तो पायांखाली आपले खरे स्वरूप प्रकट करतो: केनेल वळणाजवळ डांबराचा पोत कोठे बदलतो, क्रॉसिंगपाशी कडेची माती किती आत आली आहे, आणि ‘एसेस’ या जोडवळणात पहिले डावे वळण किंचित हळू घेतल्यास पुढील उजव्या वळणातून किती वेगाने बाहेर पडता येईल. स्नेही जागोजागी थांबून ब्रेकसाठी खूण निश्चित करीत होते. कोठे एखादे झाड, कोठे कुंपणाचा खांब.

प्रारंभरेषा चढावरच असल्याने मार्शल, म्हणजे मार्गावरील व्यवस्था पाहणारा मदतनीस, मागील चाकामागे एक पाचर ठेवितो, म्हणजे गाडी मागे सरत नाही आणि चालकाचे दोन्ही पाय मोकळे राहतात. पुढील पट्टी किरणाच्या अगदी निकट आणून ठेविली जाते. दिवा हिरवा झाला. इंजिनाचा स्वर चढला, क्लच सुटला, मागील चाके क्षणभर फिरली आणि मग त्यांनी रस्ता धरला. आरंभीच्या ६४ फुटांचा वेळ स्वतंत्र मोजला जातो, कारण सुटतानाच गमावलेला दशांश सेकंद पुढील सरळ भागावर वेगाच्या रूपाने आणखी वाढत जातो. गाडी झाडीआड गेली. पुढे केवळ तिचा आवाज सांगत होता की आता ब्रेक लागला, आता गिअर उतरला, आता ती उजव्या वळणातून बाहेर पडली. ध्वनिक्षेपकावर पस्तीस सेकंदांच्या आसपासचा आकडा ऐकू आला. पुढील प्रत्येक फेरीत तो थोडाथोडा उतरत गेला; आणि परत आल्यावर ते आकड्याहूनही अधिक आस्थेने बोलले ते मागील टायरमधील हवेविषयी, जी एका फेरीनंतर त्यांनी किंचित कमी केली होती आणि जिचा परिणाम त्यांस क्रॉसिंगपाशी आपल्या पाठीत जाणवला होता.

या खेळाचे मर्म मला त्या बोलण्यात सापडले. बाजारात सिद्ध मिळणारी शीघ्र गाडी घेणाऱ्यास वेग लाभतो. परंतु जो स्वतः सांगाडा जोडतो, भार तोलतो आणि मग त्याच हातांनी चाक धरून चढ चढतो, त्यास आपल्या प्रत्येक निर्णयाचा निवाडा सेकंदाच्या शतांशापर्यंत मिळतो, आणि त्या निवाड्याविरुद्ध अपील नसते, कारण रस्ता शतकापूर्वीचाच असतो आणि घड्याळास कोणाची भीडमुर्वत नसते. श्रम आणि फल यांच्यातील संबंध इतका निखळ दाखविणारी क्षेत्रे आधुनिक जीवनात थोडीच उरली आहेत. म्हणून ज्यास हा मार्ग धरावयाचा आहे त्याने आधी एखाद्या क्लबात नाव नोंदवून मार्शल म्हणून टेकडीवर उभे राहावे, मग प्रेस्कॉटसारख्या ठिकाणी चालणाऱ्या शिकवणीवर्गात चढणीचे प्राथमिक पाठ घ्यावेत, आणि त्यानंतरच गाडी घ्यावी वा बांधावी. गाडीवर खर्च करताना प्रथम ब्रेक, टायर आणि सुरक्षेची साधने पाहावीत, इंजिनाची शक्ती सर्वांत शेवटी. कारण चालकाचे ज्ञान जसजसे वाढत जाते तसतसा वेळ पुष्कळसा आपोआपच कमी होतो, आणि शक्ती वाढविण्याची खरी गरज केव्हा आली हे त्याचे त्यालाच कळू लागते.