६०० घ्यावी, ८०० घ्यावी की १००-५००? टेली झूमवर लाख-दोन लाख घालण्याआधी हा हिशेब बघा

ताडोबाची सफारी बुक झाली, की पुढचा विषय निघतो तो लेन्सचा. कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ ने वाघ काढला तर फोटोत जंगल दिसतं, रस्ता दिसतो, पुढच्या जिप्सीतली माणसं दिसतात आणि वाघ कुठेतरी पिवळ्या ठिपक्यासारखा. मग यूट्यूबवर रिव्ह्यू बघणं सुरू होतं. एक जण सांगतो सोनीची २००-६०० घ्या, दुसरा म्हणतो कॅननची २००-८०० आली आता, तिसरा सांगतो सिग्मा घे आणि पैसे वाचव.

तिघांचंही बरोबर असतं. पण तिघंही वेगवेगळ्या माणसाला सांगत असतात.

दहा-बारा वर्षांपूर्वी ही डोकेदुखी फारशी नव्हतीच. ६०० एमएम म्हटलं की समोर यायची ती कॅनन-निकॉनची एफ/४ वाली तोफ. चार-पाच किलो वजन आणि किंमत दहा हजार डॉलरच्या वर. हौशी माणूस ३०० किंवा ४०० वर भागवायचा. नोव्हेंबर २०१३ मध्ये टॅमरॉनने १५०-६०० जाहीर केली, किंमत ठेवली १,०६९ डॉलर आणि वजन दोन किलोच्या आत. पाठोपाठ सिग्माने त्याच आकड्यांच्या दोन लेन्स काढल्या, एक हलकी 'कंटेम्पररी' आणि एक २.८६ किलोची 'स्पोर्ट्स'. २०१५ मध्ये निकॉनने २००-५०० आणली. तिथून पुढे भिगवणच्या बोटीत प्रत्येकाच्या हातात पांढरी नाहीतर काळी लांबलचक नळी दिसायला लागली.

आता या सगळ्या लेन्समध्ये एक गंमत आहे. टॅमरॉनची १५०-६००, सिग्माची कंटेम्पररी, निकॉनची २००-५००, सोनीची २००-६००, निकॉनची नवी १८०-६०० आणि कॅननची २००-८००, या सगळ्यांना पुढे फिल्टर लागतो तो ९५ एमएमचाच. हा योगायोग नाही.

एफ नंबर म्हणजे साधा भागाकार असतो. लेन्सची लांबी भागिले उजेड आत येण्याच्या भोकाचा व्यास. ६०० ला ६.३ ने भागा, ९५ येतात. ५०० ला ५.६ ने भागा, ८९ येतात. ८०० ला ९ ने भागा, परत ८९. म्हणजे कंपनी कुठलीही असो, पुढची काच साधारण तेवढीच. त्या काचेतून जो उजेड येतो तो कोणी ५०० वर वापरतं, कोणी ८०० वर ताणतं. निकॉनच्या १८०-६०० ला १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावला तर ती होते ८४० एफ/९. कॅननची ८०० एफ/९ डोळ्यासमोर आणा. दोघी फिरून एकाच ठिकाणी पोचल्या.

कॅननची १००-५०० मात्र या कळपातली नाही. ५०० भागिले ७.१ म्हणजे ७०. काच लहान म्हणून फिल्टर ७७ चा आणि वजन ट्रायपॉडची रिंग काढली तर १,३६५ ग्रॅम. बाकीच्या दोन किलोच्या आसपास. आणि तरी बाजारात आली तेव्हा किंमत सगळ्यात जास्त, २,६९९ डॉलर. यात पैसे काचेच्या आकाराचे नाहीत, हलकेपणाचे आणि बांधणीचे आहेत.

म्हणून 'सगळ्यात भारी कोणती' हा प्रश्न फार पुढे नेत नाही. प्राणी किती अंतरावर येणार आणि किती वाजता येणार, हे दोन प्रश्न नेतात.

आधी अंतर बघू. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० एमएमने १०० मीटरवरची सहा मीटर रुंद जागा फोटोत मावते. ३० मीटरवर १.८ मीटर आणि दहा मीटरवर फक्त ६० सेंटिमीटर. धीवर म्हणजे किंगफिशर, त्यातला नेहमी दिसणारा छोटा धीवर जेमतेम १७ सेंटिमीटरचा. तो दहा मीटरवरच्या काठीवर बसला, तरी ६०० ने फ्रेमचा पाव भागच भरतो. पक्ष्यांच्या मागे लागलेल्याला ६०० सुद्धा का पुरत नाही आणि २००-८०० बघून त्याचे डोळे का चमकतात, ते इथे कळतं.

वाघाचं उलटं असतं. ताडोबात वाघ बऱ्याचदा रस्त्यावरूनच चालत येतो, थेट जिप्सीच्या दिशेने. हाच तो सगळ्यांना हवा असलेला 'हेड-ऑन'. वाघ दहा मीटरवर आला आणि लेन्स २०० पासून सुरू होणारी असेल, तर फ्रेमची रुंदी उरते १.८ मीटर. आडवा वळला की शेपूट बाहेर. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल तर १.२ मीटर, म्हणजे शेपटीबरोबर मागचे पायही बाहेर. १०० पासून सुरू होणाऱ्या लेन्सने त्याच जागी ३.६ मीटर मिळतात, अख्खा वाघ आणि थोडं जंगलही. रिव्ह्यूमध्ये चर्चा होते ती मोठ्या आकड्याची. जिप्सीत बसल्यावर हळहळ होते ती बऱ्याचदा छोट्या आकड्याची.

आता वेळ. जंगलातली हालचाल सकाळी गेट उघडल्यावरच्या पहिल्या तासात आणि संध्याकाळी गेट बंद होण्याआधी. नेमका तेव्हाच उजेड कमी. समजा बांबूच्या सावलीत बिबट्या आहे आणि एफ/६.३ ला आयएसओ ६४०० लागतोय. तोच फोटो एफ/५.६ ला साधारण ५००० वर निघेल, एफ/७.१ ला ८००० वर आणि एफ/९ ला १२८०० वर. ६.३ आणि ७.१ मधला फरक फोटोत शोधावा लागतो. ६.३ आणि ९ मधला शोधावा लागत नाही, अंगावरच्या केसांचा तपशील गेलेला लगेच दिसतो. २००-८०० ही उन्हातली लेन्स आहे असं कॅननवाले स्वतःच आपसात म्हणतात, ते यासाठी. भिगवणला सकाळी नऊच्या उन्हात तिच्यासारखी मजा नाही. नवेगावच्या दाट झाडीत संध्याकाळी साडेपाचला तीच लेन्स जड जाते.

डीएसएलआरच्या काळात तर अशी लेन्स निघालीच नसती. तिथे फोकस करणारी यंत्रणा वेगळी होती, तिला साधारण एफ/५.६ पर्यंतचा उजेड लागायचा, नंतरच्या चांगल्या बॉडींना एफ/८ पर्यंतचा. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच होतो, म्हणून एफ/९ चालतं.

इथे एक गैरसमज. लेन्समधलं व्हीआर, ओएस, आयएस हे हाताची थरथर सांभाळतं. धावणाऱ्या हरणाचे पाय ते थांबवत नाही. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० च्या आसपासचा शटर लागतोच आणि तो मिळतो उजेडातून नाहीतर आयएसओतून.

प्राण्यांऐवजी खेळ काढायचे असतील तर गणित आणखी बदलतं. बैलगाडा शर्यतीचं घ्या. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींचा कायदा कायम ठेवला आणि पुणे जिल्ह्यातल्या घाटांवर फोटोग्राफरांची गर्दी वाढली. गाडा लांबून सुटतो आणि काही सेकंदांत अंगावर येतो. अशा वेळी झूमची रिंग किती फिरवावी लागते हे फोटोच्या शार्पनेसपेक्षा महत्त्वाचं ठरतं. निकॉनची १८०-६०० एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ७० अंशांत जाते, सोनीची २००-६०० सुद्धा मनगट न उचलता फिरते. या दोघींची नळी झूम करताना लांबत नाही, त्यामुळे तोल बदलत नाही आणि घाटातली धूळ आत ओढली जाण्याची भीतीही कमी. निकॉनची जुनी २००-५०० फिरवताना हात दोनदा बदलावा लागतो.

रात्रीच्या लाईटमधली कबड्डी किंवा टेनिस बॉलचे सामने काढायचे असतील, तर या यादीतली एकही लेन्स नको. तिथे ७०-२०० एफ/२.८ घ्यावी आणि क्रॉप करावं.

हे सगळं ठरवल्यावरही निम्मा निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेतलेला असतो. कॅननच्या आरएफ माउंटवर फुल फ्रेमसाठी सिग्मा-टॅमरॉनच्या ऑटोफोकस टेली झूम मिळत नाहीत. तिथे १००-५००, २००-८०० आणि तिसरी, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं ती १००-४०० एफ/५.६-८. वजन ६३५ ग्रॅम, आली तेव्हा किंमत ६४९ डॉलर. पहिल्यांदाच जंगलात जाणाऱ्या माणसाने दोन लाख घालण्याआधी ही बघायला हरकत नाही. १००-५०० घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं, तिला एक्स्टेंडर लावला की झूम ३०० च्या खाली येतच नाही.

सोनीवाल्यांना खरी निवड आहे. सिग्माची १५०-६०० स्पोर्ट्स २०२१ मध्ये सोनीसाठी नव्याने आली, टॅमरॉनची १५०-५०० त्याच वर्षी. पण सोनीच्या बॉडीवर बाहेरच्या कंपनीची लेन्स सेकंदाला १५ फोटोंच्या वर जात नाही आणि टेलिकन्व्हर्टरही चालत नाही. ए१ किंवा ए९ असेल तर हे बोचतं. ए७ फोर असेल तर ती बॉडी मुळात सेकंदाला दहाच फोटो काढते, मग त्या मर्यादेला घाबरून सोनीचीच लेन्स घेण्यात अर्थ नाही.

निकॉन झेडवाल्यांना १८०-६०० आल्यापासून फार विचार करावा लागत नाही. जुनी निकॉन किंवा कॅनन डीएसएलआर असणाऱ्यांनी सेकंडहँड बाजार बघावा. मिररलेसकडे गेलेल्यांनी टॅमरॉन जी२, सिग्मा कंटेम्पररी, निकॉन २००-५०० मोठ्या संख्येने विकायला काढल्यात. टॅमरॉनची पहिली आवृत्ती ५०० च्या पुढे पूर्ण उघड्या अपर्चरला थोडी मऊ पडते, एफ/८ ला सुधारते, त्यामुळे दोन्ही समोर असतील तर जी२ घ्यावी.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या घरात असतो, तेव्हा जाणाऱ्यांना वेगळीच तक्रार असते. दुपारी शंभर-दीडशे मीटरवरचे फोटो धुरकट येतात आणि लेन्स सदोष आहे म्हणून लोक सर्व्हिस सेंटरला जातात. ती तापलेल्या जमिनीवरची हवा असते. तिच्यातून दहा लाखांची लेन्सही नीट बघू शकत नाही. जवळ जाता आलं तर जावं, नाहीतर ऊन उतरायची वाट बघावी.

कोणती लांबी लागते हे अजूनही कळत नसेल, तर पुण्या-मुंबईत या लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. एका सफारीला एक नेऊन यावं आणि घरी आल्यावर फोटोंच्या माहितीत कुठल्या एमएमवर किती फोटो निघाले ते मोजावं. निम्मे फोटो २०० च्या आसपासचे निघाले, तर ८०० चा विषय तिथेच मिटला. जिप्सीत ट्रायपॉड उभा करायला जागा नसते, तेव्हा सोबत बीन बॅग न्यावी, दोन किलो हातात धरून तासभर वाघाची वाट बघणं सोपं नाही.

आणि सेकंडहँड घेताना मागची टोपी काढून मोबाईलचा टॉर्च पुढच्या बाजूने आत मारावा. धूळ थोडीफार असतेच, तिचा फोटोवर परिणाम होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर बॅगेत पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास भेटते. मग भाव कितीही कमी सांगितला तरी ती परत द्यावी.