कोचीस काउंटीची शेरीफ

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेला लागून कोचीस काउंटी आहे. जे. ए. जान्स या लेखिकेच्या रहस्यकथांची नायिका जोआना ब्रॅडी ही या काउंटीची शेरीफ. १९९३ मध्ये ‘डेझर्ट हीट’ या कादंबरीतून ती पहिल्यांदा वाचकांसमोर आली, आणि पुढे तीस वर्षे तिच्यावरची पुस्तके निघत राहिली. पहिल्या पुस्तकाच्या आरंभी ती शेरीफ नाही. ती विम्याच्या कचेरीत नोकरी करते. नवरा अँडी शेरीफच्या खात्यात डेप्युटी आहे, मुलगी जेनी नऊ वर्षांची आहे, आणि हे तिघे गावाबाहेरच्या ‘हाय लोनसम’ नावाच्या रँचवर राहतात. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाच्या रात्री अँडी घरी येत नाही. जोआना गाडी काढून शोधायला निघते आणि तो गोळी लागून पडलेला तिलाच सापडतो. रुग्णालयात त्याचा मृत्यू होतो. खात्यातली माणसे म्हणू लागतात, त्याने स्वतःवरच गोळी झाडली असणार, अमली पदार्थांच्या धंद्यात त्याचे हात अडकले होते. नवरा गेला, आणि त्याच आठवड्यात त्याची अब्रूही चालली. ती वाचवण्यासाठी जोआना स्वतः तपासाला लागते. शेरीफच्या निवडणुकीत अँडी आपल्याच वरिष्ठाविरुद्ध उभा होता. त्याच्या जागी आता तू उभी राहा, असे गावातली माणसे तिला सांगतात. दुसऱ्या पुस्तकात, १९९४ च्या ‘टूमस्टोन करेज’मध्ये, ती निवडून आलेली दिसते.

ही मालिका समजायची तर शेरीफ म्हणजे काय हे आधी नीट कळायला हवे. मुंबईच्या नगरपालालाही इंग्रजीत शेरीफच म्हणतात, पण ते वर्षभराचे मानाचे पद. त्याच्या हाती पोलीस नसतात. अमेरिकेतल्या बहुतेक काउंट्यांत शेरीफ हा लोकांनी मतदान करून निवडलेला पोलीसप्रमुख असतो. अ‍ॅरिझोनात त्याची मुदत चार वर्षांची असते. नगरपालिकांच्या हद्दीबाहेरच्या सगळ्या भागाचा बंदोबस्त, गुन्ह्यांचा तपास, काउंटीचा तुरुंग, न्यायालयाचे हुकूम बजावणे, डोंगरात हरवलेल्या माणसांचा शोध, हे सगळे त्याच्या खात्याकडे येते. आपल्याकडचा जिल्हा पोलीस अधीक्षक सरकार नेमते आणि सरकारच त्याची बदली करते. शेरीफला मात्र दर चार वर्षांनी मतदारांसमोर जावे लागते आणि खात्याच्या खर्चासाठी काउंटीच्या लोकनियुक्त मंडळापुढे पैसे मागावे लागतात. पोलिसी चाकरीचा दिवसभराचाही अनुभव नसलेली एक विमा कचेरीतली बाई एकदम पोलीसप्रमुख होते, ही कल्पना आपल्याला अशक्य वाटेल. निवडणुकीच्या या पद्धतीमुळेच ती अमेरिकेत पटण्याजोगी होते.

जान्सने मात्र ही सवलत फुकटात घेतलेली नाही. आपल्याला कामाचे शिक्षण नाही हे जोआनाला ठाऊक आहे. निवडून आल्यावर तिसऱ्या पुस्तकात, ‘शूट, डोन्ट शूट’मध्ये, ती फिनिक्सजवळच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेत नवशिक्यांच्या रांगेत जाऊन बसते. खात्यातले जुने अधिकारी तिच्याकडे संशयाने पाहतात. शेरीफची मुलगी आणि डेप्युटीची विधवा म्हणून तिला सहानुभूतीची मते पडली, असे काहींचे उघड मत आहे. हे मत ती भाषण देऊन खोडत नाही. मृतदेह सापडला की ती स्वतः जागेवर जाते, मृताच्या घरच्यांना बातमी द्यायची वेळ आली की ते काम दुसऱ्यावर ढकलत नाही, आणि पुस्तकामागून पुस्तक जाते तसे तेच अधिकारी तिच्या शब्दाला मान देऊ लागतात.

कथेची भूमीही तितकीच बोलकी आहे. कोचीस काउंटीचा विस्तार सुमारे सोळा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढा. वस्ती मात्र जेमतेम सव्वा लाख. १८८१ मध्ये ही काउंटी स्थापन झाली. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला तिच्या तेव्हाच्या मुख्य गावात, टूमस्टोनमध्ये, ओ. के. कोरलची ती प्रसिद्ध चकमक झाली, जिच्यावर हॉलिवूडने पुढे कितीतरी चित्रपट काढले. अपाची योद्धा जेरोनिमो १८८६ मध्ये शरण आला तो इथल्याच स्केलेटन कॅन्यनमध्ये. जान्सच्या एका कादंबरीचे नाव तेच आहे. १९२९ पासून काउंटीचा कारभार बिस्बी गावातून चालतो. म्यूल पर्वताच्या घळईत वसलेले हे गाव तांब्याच्या खाणींवर वाढले. १९७५ मध्ये फेल्प्स डॉज कंपनीने खाणी बंद केल्या, खाणकामगार पांगले, आणि स्वस्तात मिळणाऱ्या घरांत चित्रकार, कारागीर, निवृत्त माणसे येऊन राहिली. जुने खाणवाले आणि नवे कलावंत ही बिस्बीची खरी घडण कादंबऱ्यांत जशीच्या तशी उतरली आहे.

शेरीफच्या हाती किती सत्ता असते याचा एक कटू दाखला याच गावात आहे. १२ जुलै १९१७ च्या पहाटे तेव्हाचा शेरीफ हॅरी व्हीलर याने सुमारे दोन हजार हत्यारबंद नागरिकांना आपले डेप्युटी करून घेतले आणि संपावरच्या खाणकामगारांना घराघरातून बाहेर ओढले. सुमारे बाराशे माणसांना गुरांच्या डब्यांत कोंबून शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या वाळवंटात नेऊन सोडले. हा इतिहास माहीत असला की जोआना हातातल्या अधिकाराला इतकी जपून का वागते, ते अधिक पटते.

जान्सचे बालपण याच बिस्बीत गेले. तिचा जन्म १९४४ मध्ये साउथ डकोटातला. टुसॉनच्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात शिकत असताना १९६४ मध्ये तिने सर्जनशील लेखनाच्या वर्गात प्रवेश मागितला. मुलींनी शिक्षिका किंवा परिचारिका व्हावे, असे सांगून प्राध्यापकांनी तो नाकारला. ज्याच्याशी पुढे तिचे लग्न झाले त्याला त्याच वर्गात प्रवेश मिळाला. तिने शाळेत इंग्रजी शिकवले, टोहोनो ओओदम या आदिवासींच्या राखीव प्रदेशातल्या शाळांत ग्रंथपालाचे काम केले, पुढे आयुर्विमा विकला. नवरा दारूच्या आहारी गेलेला होता. घटस्फोटानंतर दीडेक वर्षाने, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो दारूनेच गेला. दोन मुलांना घेऊन ती सिअ‍ॅटलला राहत होती. पहाटे चारला उठायचे, सातला मुलांना शाळेसाठी जागे करेपर्यंत लिहायचे, मग विम्याच्या कामाला निघायचे, असा तिचा क्रम होता. त्यातून १९८५ मध्ये सिअ‍ॅटलचा पोलीस जे. पी. ब्यूमाँट याच्यावरची पहिली कादंबरी आली. जोडीदार गमावलेल्या माणसांच्या एका मेळाव्यात तिला दुसरा जोडीदार भेटला. त्याची पत्नी कर्करोगाने गेली होती.

विमा, बिस्बी, वैधव्य, एकटीने सांभाळलेले मूल, हे सगळे जोआनाच्या वाट्याला आले ते असे. म्हणूनच या मालिकेतला शोक खोटा वाटत नाही. रहस्यकथेत मृत्यू हा एरवी कोड्याची सुरुवात असतो; कोडे सुटले की मेलेल्या माणसाचे काम संपते. अँडीचा खुनी पहिल्या पुस्तकात सापडतो, तरी अँडी पुढच्या पुस्तकांत उरतोच. रिकाम्या घरात परत येणे, त्याच्या वस्तू आवराव्या की ठेवाव्या हे न ठरवता येणे, पहिला नाताळ कसा काढायचा ही धास्ती, अशा गोष्टींना जान्स तपासाच्या मधेच जागा देते आणि त्यांची घाई करत नाही. सासूसासरे ईव्हा लू आणि जिम बॉब ब्रॅडी यांचे सुनेशी नाते मुलाच्या मृत्यूने तुटत नाही. जेनीला ते सांभाळतात, आणि पुढे जोआना पुन्हा लग्न करते तेव्हाही तिच्या पाठीशी राहतात. संपूर्ण मालिकेतले हे सर्वांत हृद्य नाते म्हणावे लागेल.

त्याच्या उलट जोआना आणि तिची आई एलिनॉर. मुलीचे शेरीफ होणे एलिनॉरला कधीच रुचत नाही. तिचा नवरा, म्हणजे जोआनाचा बाप, खाणकामगाराचा शेरीफ झाला होता. रस्त्यात अडकलेल्या एका प्रवाशाचे टायर बदलून देत असताना मद्यधुंद मोटारचालकाने त्याला उडवले. ही नोकरी घरातली माणसे गिळते, हे एलिनॉरने एकदा भोगलेले आहे. जोआनाला लग्नाआधी दिवस गेले यावरून ती मुलीला वर्षानुवर्षे टोचत आलेली असते. मग तिसऱ्या पुस्तकात उघड होते की एलिनॉरलाही लग्नाआधी मूल झाले होते आणि ते दत्तक दिले गेले होते. जोआनाचा तो सख्खा भाऊ, बॉब ब्रंडेज, एके दिवशी समोर येऊन उभा राहतो. खुनाच्या तपासाइतकेच हे घरातले गुपित वाचकाला धरून ठेवते.

जेनी वाढते कशी हे पाहण्यासाठीही पुस्तके क्रमाने वाचावीत. पहिल्या पुस्तकातली नऊ वर्षांची पोर पुढे घोडा ठेवते, पिंपांभोवती घोडा पळवण्याच्या शर्यतीत उतरते, आणि २०२१ च्या ‘मिसिंग अँड एन्डेंजर्ड’मध्ये फ्लॅगस्टाफच्या विद्यापीठात शिकते आहे. वाचकांची अठ्ठावीस वर्षे गेली, पण जेनीची दहा-बाराच. मोबाइल, इंटरनेट, डीएनए चाचण्या मात्र बाहेरच्या जगाच्या वेगाने येत राहतात. हा हिशेब जुळत नाही हे खरे. कथेच्या ओघात त्याचा जाच होत नाही. बच डिक्सन या उपाहारगृहाच्या मालकाशी जोआना दुसरे लग्न करते. तोही पुढे रहस्यकथा लिहू लागतो आणि घरही तोच सांभाळतो. ‘एक्झिट वून्ड्स’मध्ये जोआना गरोदर असतानाच पुन्हा निवडणूक लढवते, ‘डेड राँग’मध्ये तिला मुलगा होतो, आणि ‘फील्ड ऑफ बोन्स’मध्ये ती बाळंतपणाच्या रजेवर असताना खात्यासमोर मोठा खटला उभा राहतो.

खात्याच्या कारभाराचे इतके तपशीलवार चित्रण रहस्यकथांत क्वचितच आढळते. तुरुंगातले जेवण, ओव्हरटाइमचे पैसे, जुन्या गाड्या, पत्रकारांना काय सांगायचे, सुट्टीवर गेलेल्या अधिकाऱ्याच्या जागी कोणाला पाठवायचे, या चिंता जोआनाच्या डोक्यात खुन्याच्या बरोबरीने असतात. खर्चात कपात होते आणि भटक्या जनावरांचे खातेही तिच्या गळ्यात पडते. ‘एक्झिट वून्ड्स’चे रहस्य त्याच वाटेने येते: खून झालेल्या बाईच्या घरात सतरा कुत्री उन्हाच्या तलखीने मेलेली सापडतात. सीमेपलीकडून येणारी माणसे आणि अमली पदार्थ यांचा ताण तर कायमचाच.

वास्तवात अशा स्त्रिया होऊन गेल्या आहेत. १९३३ मध्ये इंडियाना राज्यातल्या लेक काउंटीचा शेरीफ मारला गेला आणि त्याची पत्नी लिलियन हॉली त्या जागी आली. पुढच्या वर्षी कुख्यात दरोडेखोर जॉन डिलिंजर तिच्याच तुरुंगातून तिचीच गाडी घेऊन पळाला. केंटकीतल्या डेव्हिस काउंटीत फ्लॉरेन्स थॉम्पसन ही चार मुलांची आई १९३६ मध्ये पतीच्या निधनानंतर शेरीफ झाली. काही महिन्यांतच, १४ ऑगस्टला, रेनी बेथिया या कृष्णवर्णीय तरुणाला जाहीर फाशी देण्याची जबाबदारी तिच्यावर आली. बाईच्या हातून फाशी होणार म्हणून देशभरचे पत्रकार आणि हजारोंचा जमाव ओवेन्सबरोला लोटला. खटका तिने स्वतः ओढला नाही. अमेरिकेतली ती शेवटची जाहीर फाशी ठरली. या दोघींना पद मिळाले ते पतीच्या जागी नेमणूक होऊन. जान्सने जोआनाला तसे बसवले नाही. मते मागायला लावली आणि मग त्या मतांची किंमत मोजायला लावली.

मालिकेत उणिवाही आहेत. खुनी कोण हे कधी कधी वाचकाला फार लवकर कळते. योगायोग हवे तेव्हा हजर होतात. उत्तरार्धातल्या पुस्तकांत नातेवाईक आणि जुन्या ओळखींची गर्दी इतकी होते की नवा वाचक गोंधळून जावा. ‘पार्टनर इन क्राइम’ आणि ‘फायर अँड आइस’ या कादंबऱ्यांत ब्यूमाँट आणि जोआना एकत्र येतात. त्यांची पूर्ण गोडी दोन्ही मालिका माहीत असलेल्यालाच लागते. कोड्याची बांधणी हाच ज्याचा निकष आहे त्याला अ‍ॅगाथा ख्रिस्तीकडेच जावे लागेल. माणसे कशी सावरतात हे पाहायचे असेल, तर ही मालिका तिच्या बहुतेक समकालीन मालिकांपेक्षा सरस आहे. इंग्रजी साधी, वाक्ये छोटी, संवाद भरपूर, त्यामुळे इंग्रजी वाचनाची फारशी सवय नसलेल्यांनाही ती जड जाणार नाही. सुरुवात ‘डेझर्ट हीट’पासून करावी आणि निदान पहिली तीन पुस्तके क्रम न मोडता वाचावीत.