उषःसूक्तें आणि ट्रॉम्सोची रात्र

वेदकालीन आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असलें पाहिजे, असें प्रतिपादन करणारा लोकमान्य टिळकांचा ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा इंग्रजी ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. तैत्तिरीय संहितेंत उषा ह्या तीस भगिनी म्हणून वर्णिल्या आहेत; ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत उषा उजळल्यापासून सूर्योदयापर्यंत पुष्कळ दिवस लोटल्याचें सांगितलें आहे, असा टिळकांनीं अर्थ लाविला; आणि मनुष्यांचें एक वर्ष म्हणजे देवांचा एक अहोरात्र, हें तर मनुस्मृतीचें वचनच आहे. संस्कृत शिकवीत असतां हा सिद्धान्त मी तीस वर्षें, मनांत शंका न आणतां, मुलांना सांगत आलों. ज्या आकाशाविषयीं इतकें बोललों तें एकदां डोळ्यांनीं पाहावें, ही इच्छा निवृत्तीनंतर अनावर झाली, आणि गेल्या जानेवारीच्या आरंभीं आम्ही उभयतां नॉर्वेंतील ट्रॉम्सो ह्या शहरीं जाऊन आलों.

ट्रॉम्सो ६९ अंश ३९ कला उत्तर अक्षांशावर, एका बेटावर वसलें आहे. उत्तर ध्रुववृत्तापासून सुमारें ३५० किलोमीटर पलीकडे. इतक्या उत्तरेस प्राण गोठविणारी थंडी असेल म्हणून आम्हीं लोकरीच्या कपड्यांचें ओझें वाहून नेलें. परंतु अटलांटिक महासागरांतील उष्ण प्रवाहामुळें तेथील बंदर हिंवाळ्यांतही गोठत नाहीं, आणि जानेवारीचें सरासरी तपमान शून्याखालीं तीन-चार अंशांवरच राहतें. त्रास थंडीचा नव्हे, घसरण्याचा! रस्त्यावरचें बर्फ वितळून पुन्हा गोठतें व आरशासारखें गुळगुळीत होतें. बुटांच्या तळाशीं चढवावयाचे खिळ्यांचे पट्टे तेथें मिळतात. ते पहिल्याच दिवशीं विकत घ्यावेत. माझ्या कुटुंबानें हें सांगितलें होतें. मीं तें दुसऱ्या दिवशीं, एकदां आपटल्यावर ऐकलें.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथें सूर्य क्षितिजावर येत नाहीं. तथापि अष्टौप्रहर काळोख ही आपली कल्पना खोटी आहे. सकाळीं नऊ-साडेनवाच्या सुमारास दक्षिणेच्या अंगास आकाश फिकें होऊं लागतें. मध्यान्हीं डोंगरांच्या कडा गुलाबी होतात, बर्फावर गर्द निळी छाया पसरते, आणि दोन-अडीच वाजतां रात्र परत येते. उषा येते खरी, पण सूर्याला न आणतांच मागल्या पावलीं निघून जाते. शहराला पूर्वेकडील भूमीशीं जोडणारा एक किलोमीटरहून लांब असा पूल आहे; १९६० सालीं तो खुला झाला. त्यावर उभा राहून मीं हें दृश्य पाहिलें, आणि उषा यावी म्हणून ऋषि इतके व्याकूळ कां होतात तें मला प्रथमच पटलें.

मात्र त्याच पुलावर दुसरीही गोष्ट मनाला स्पष्ट झाली. टिळकांना अभिप्रेत असलेली उषा, म्हणजे न मावळतां क्षितिजाभोंवतीं चाकासारखी फिरत राहणारी, ट्रॉम्सोस होत नाहीं. तिच्यासाठीं अगदीं ध्रुवाजवळ जावें लागेल. आणि ध्रुवावर भूमि नाहीं, गोठलेला समुद्र आहे. आज बहुतेक विद्वान हा सिद्धान्त मानीत नाहींत, हें मला पूर्वींच ठाऊक होतें. मानावेंसें वाटत नव्हतें, इतकेंच.

ज्याला इंग्रजींत नॉर्दर्न लाइट्स म्हणतात तो ध्रुवीय प्रकाश पाहण्याचें अजून राहिलें होतें. पहिल्या दोन रात्रीं आकाश ढगांनीं गच्च. तिसऱ्या रात्रीं मोटारवाल्यानें आम्हां दहाबारा जणांना निरभ्र आकाशाच्या शोधांत, फिनलंडच्या सरहद्दीच्या रोखानें, शंभरांवर किलोमीटर आंत नेलें. तेथें मात्र पारा शून्याखालीं पंधरा अंश! बऱ्याच वेळानें उत्तरेस एक करडा पट्टा दिसला. मी तो ढग समजलों. बरोबरच्या वाटाड्या मुलीनें कॅमेरा पुढें धरला, तर त्यांत तो हिरवा! मंद प्रकाशांत मनुष्याच्या डोळ्याला रंग नीट ओळखतां येत नाहींत. कॅमेरा प्रकाश सांठवून घेतो. छायाचित्रें पाहून जाणाऱ्यांची पुष्कळदां निराशा होते ती ह्यामुळेंच. परंतु पाऊण तासानें तो पट्टा जागा झाला. कोणी ओलें वस्त्र झटकावें तशा त्याच्या घड्या हालूं लागल्या, हिरवा रंग आमच्याही डोळ्यांना दिसूं लागला, खालची किनार जांभळट झाली, आणि पाहतां पाहतां तें सारें डोक्यावर आलें. आवाज कसलाही नाहीं.

सूर्यापासून निघालेले विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रांत सांपडून ध्रुवाभोंवतालच्या वलयांत वातावरणावर आदळतात, त्याचा हा प्रकाश. शंभर-दीडशें किलोमीटर उंचीवरील प्राणवायूनें तो हिरवा होतो, त्याहून वर तांबडा. जांभळी छटा नत्रवायूची. १९०३ च्या आरंभीं टिळकांचा ग्रंथ पुण्यांत सिद्ध होत होता, त्याच हिंवाळ्यांत बिर्कलंड ह्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाच्या तुकड्या आइसलंड, स्पिट्सबर्गेन वगैरे ठिकाणीं राहून ह्या प्रकाशाचीं मापनें घेत होत्या. एकानें ग्रंथांत शोधलें, दुसऱ्यानें बर्फांत.

मला त्या रात्रीं एकच प्रश्न छळूं लागला. उषेवर सुमारें वीस सूक्तें रचणाऱ्या ऋषींनीं हा प्रकाश पिढ्यान्‌पिढ्या पाहिला असता, तर त्याविषयीं ते मौन राहिले असते काय? ह्याचें निःसंदिग्ध वर्णन वेदांत माझ्या तरी वाचनांत नाहीं. गाडींत बसल्यावर मीं हें बोलून दाखविलें.

“अहो, मग तीस वर्षें शिकविलेंत तें?” कुटुंबानें विचारिलें.

“अगं, मुलांना निदान उषःसूक्तें तरी कळलीं,” मी म्हणालों. पण उत्तर मलाच पुरेसें वाटलें नाहीं.

घरीं आल्यावर ग्रंथ काढला. एका पानाच्या समासांत मीं पूर्वीं ‘निर्विवाद’ असें लिहून ठेविलें होतें. त्यापुढें प्रश्नचिन्ह घातलें. शब्द मात्र खोडला नाहीं.