पडदा, पण कोणापासून?

पडदा म्हटला की मराठी माणसाला आधी नाटक आठवते. तिसरी घंटा होते, पडदा वर जातो आणि लोकांना काहीतरी दिसू लागते. घरच्या खिडकीला पडदा लावायचा तो मात्र आपले नाटक लोकांना दिसू नये म्हणून. तरीही पडद्याच्या दुकानात गेलो की पहिला प्रश्न येतो, ‘‘सोफ्याचा रंग कोणता?’’ उन्हाची दिशा कोणती, समोर कोण राहते, हे कोणी विचारत नाही. बँकेत असताना कर्जाचा अर्ज पुढे आला की आम्ही आधी ‘कशासाठी’ हा रकाना पाहायचो, रक्कम नंतर. पडद्यालाही हाच नियम लावावा, असे मला वाटते.

बदल्यांच्या नोकरीत मी तऱ्हेतऱ्हेच्या खिडक्यांमागे राहिलो. नागपूरला उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत असत. कोरडी हवा त्यातून आत येताना पाणी उडून जाई आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जाई. खोली गार व्हायची, वर तो वास! हीच ताटी पणजीला लावली असती तर वासच काय तो मिळाला असता, कारण समुद्राकाठच्या दमट हवेत पाणी उडायलाच तयार नसते. पणजीत जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या पाहिल्या. कालवाच्या जातीतल्या एका प्राण्याचे ते पातळ, चपटे शिंपले लाकडी पट्ट्यांत ओळीने अडकवतात. उजेड दुधासारखा आत झिरपतो, पण बाहेरच्याची नजर आत शिरत नाही. तिथे पडद्याची गरजच नसते. थोडक्यात, जुन्या घराच्या खिडकीने काय अडवायचे आणि काय आत घ्यायचे याचा विचार बांधणाऱ्याने आधीच केलेला असतो.

हे सगळे गेल्या उन्हाळ्यात कामी आले. साताऱ्याचे आमचे घर जुने. भिंती दोन-दोन फूट जाड, विटामातीच्या. थोरला भाऊ गेल्यापासून तिथे वहिनी आणि माझा पुतण्या, असा संसार आहे. वहिनी एक्क्याऐंशी वर्षांच्या. गुडघ्यांमुळे बाहेर पडणे बंद. त्यांची खाट रस्त्याकडच्या खिडकीशी, आणि खिडकी नेमकी पश्चिमेची. दुपारी दोननंतर ऊन थेट खाटेवर. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना ती तिरीप सहन होत नाही. त्यात रस्त्यापलीकडे तीन मजली इमारत उठली. तिच्या गॅलऱ्यांतून वहिनींची खाट दिसते, याची सुनबाईंना फार चीड.

पुतण्याने फोनवर बेत सांगितला. ‘‘काका, जुनी खिडकी काढून अॅल्युमिनियमची सरकती बसवतो. आतून जाड रोलर. ऊनही नको आणि लोकही नकोत.’’ मुलगा आईच्या काळजीनेच बोलत होता. पण मी म्हटले, मोडण्याआधी मला एकदा येऊन पाहू दे.

ती खिडकी चार झडपांची आहे. खाली दोन, वर दोन, मध्ये उभे गज. आपल्याकडच्या किती जुन्या घरांत ही असते! खालच्या झडपा लावल्या की रस्त्यावरून जाणाऱ्याला आतले दिसत नाही. वरच्या उघड्या ठेवल्या की उजेड आणि वारा चालू. चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे झडपा आत उघडून भिंतीच्या जाडीतच मिटतात, खोलीत येत नाहीत. या खिडकीचा एकच हिशेब आता चुकत होता. ती बांधली तेव्हा परक्या नजरा रस्त्यावरून येत होत्या. आता त्या वरून येतात. ऊनही वरूनच येते. म्हणजे झाकायला हवा होता तो वरचा अर्धा भाग, आणि उघडा हवा होता तो खालचा.

मी वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊजी, मला झाकून घ्यायला पडदा नकोच आहे. मला बघायला पडदा हवाय.’’ दूधवाला, शाळेची पोरे, ‘काकू, बरं आहे ना?’ म्हणत जाणाऱ्या शेजारणी, हे सगळे त्या खालच्या दोन फुटांतून दिसते. मग पुतण्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘तो रोलर खाली ओढलास की मी घरात आहे की देवाघरी, हे तरी कोणाला कळणार?’’ यावर तो काहीच बोलला नाही.

सरकत्या खिडकीबद्दल एक साधी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दोन काचा एकमेकींमागे सरकतात, म्हणून एका वेळी फार तर अर्धीच खिडकी उघडते. निम्मा वारा आपण पैसे देऊन घालवतो. आणि काचेच्या आतला पडदा ऊन अडवतो ते आत आल्यावर! पडदा तापतो आणि मग खोली तापवतो. ऊन अडवायचे तर बाहेरच अडवावे.

म्हणून आम्ही बांबूच्या काड्यांचा चिक आणला आणि छज्जाखाली, खिडकीच्या बाहेरून टांगला. तो मधल्या दांड्यापर्यंतच सोडायचा. दोरी गजांतून आत घेऊन खाटेवरून हाताला येईल अशी ठेवली. गॅलरीतल्या मंडळींना आता फार तर वहिनींच्या पायांवरची शाल दिसत असेल. संध्याकाळचे तिरपे ऊन तर ती इमारतच अडवते. तिचा तेवढा एक उपकार.

राहिली रात्र. चिक काय किंवा विरळ कापड काय, दिवसा आतल्याला बाहेरचे दाखवते. आत दिवा लागला की नेमके उलट होते. तेव्हा आतून सुती पडदा हवाच. रोलर विकणारा माणूस तो चौकटीवर ठोकणार होता. तसे केले असते तर झडपा उघडल्याच नसत्या. विटामातीच्या भिंतीत खिळाही धरत नाही, गिलावा तेवढा ढासळतो. खिडकीवरच्या लाकडी तुळईत दोन आकडे बसवले आणि त्यात दांडी घातली. कापड साधे, फिकट, घरी धुता येईल असे घेतले. तीन फुटांच्या खिडकीला चुण्या नीट पडायला दुप्पट, म्हणजे सहा फूट रुंदी लागते. अठ्ठेचाळीस इंची पन्ह्याचे दीड पन्हे झाले. शिवण्याआधी भिजवून वाळवले, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा वीतभर वर जातो.

दक्षिणेच्या माडीवर काही केले नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात सूर्य भर दुपारी डोक्यावर असतो. छज्जा पुरेसा आहे, आणि थंडीत तिथे येणारे ऊन कोणाला नको असते? स्वयंपाकघरात शेगडीजवळ कापड लावायचेच नाही, यावर मात्र सुनबाई आणि मी एकमत झालो.

चिकाचा एक त्रास आहे. पश्चिमेचा पाऊस त्याच्यावर थेट बसतो आणि बांबूला बुरशी धरते. मृगाच्या आधी तो उतरवून, ऊन दाखवून, माळ्यावर ठेवायला पुतण्याला सांगितले होते. यंदा वहिनींनी तो उतरवू दिला नाही. म्हणाल्या, ‘‘आणखी आठ दिवस राहू दे. दोरी ओढायची सवय लागलीय हाताला.’’